एका वाक्यात निकाल

आमच्या बाररूमच्या, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीच्या, कोपऱ्यात एक खुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड आहे, म्हणून त्याखाली कुठल्याशा रद्द झालेल्या कायद्याच्या पुस्तकाचा पुठ्ठा घडी करून घातलाय. ही खुर्ची ताजेरावांची. दुसरं कोणी बसलं की ती डुगडुगते, ते बसले की गप्प राहते. खुर्चीलाही माणूस कळतो, असं ते म्हणायचे. हल्ली ते फारसं काही म्हणत नाहीत. ते असे का झाले, तेच सांगायचंय.

ताजेराव हे काही त्यांचं खरं नाव नाही. ते सरकारी वकील, म्हणजे सरकारच्या कुठल्याही खात्यावर कोणी दावा लावला की सरकारच्या बाजूने उभं राहायचं, हे त्यांचं काम. पण नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, कोर्ट सुटल्यावर, बारच्या हॉलमध्ये ते भाषण करायचे. विषय ठरलेला: ताजे निकाल. वरच्या न्यायालयांनी या महिन्यात काय ठरवलं, कुठला जुना निकाल बाद झाला, कुठल्या कलमाचा अर्थ आता कसा लावायचा, सगळं. हॉल भरलेला असायचा. लोकांना वाटतं वकील फार वाचतात. वकील वाचत नाहीत, एकमेकांना विचारतात. आणि आमच्याकडे सगळे ताजेरावांना विचारायचे.

त्यांची खासियत अशी, की कितीही लांबलचक निकाल असो, ते तो एका वाक्यात सांगायचे. "लिहून घ्या, एका वाक्यात," असं म्हणून चष्मा कपाळावर चढवायचे आणि वाक्य टाकायचे. ते वाक्य दुसऱ्या दिवशी कोर्टात चार टेबलांवरून ऐकू यायचं. त्यावर अर्ज मंजूर व्हायचे, माणसं सुटायची, माणसं अडकायची. मी त्यांना एकदा म्हणाले, "ताजेराव, तुम्ही निकाल सांगत नाही, सरबताचा अर्क विकता. पाणी ज्याने त्याने घालायचं." ते खूश झाले. टोमणा होता हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, किंवा येऊ द्यायचं नव्हतं.

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसते. घटस्फोट आणि वाटण्या ही माझी कामं. शिवाय मी बारची सचिव आहे, म्हणजे पंखे दुरुस्त करून घेणं आणि चहा-बिस्किटं सांगणं ही माझी खाती. माझी जीभ तिखट आहे असं म्हणतात. असेल. गुळमुळीत बोलायला मला जमत नाही.

तर एका शुक्रवारी, म्हणजे भाषणाच्या आदल्या संध्याकाळी, ताजेराव केस कापायला गेले होते. खुर्चीत बसल्या बसल्या फोनवर निकाल वाचणं ही त्यांची सवय. त्या दिवशी हाती लागला तो नोकरीचा निकाल होता. एखाद्या तात्पुरत्या नोकराला ठपका ठेवून काढायचं असेल, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं का? ताजेराव जन्मभर कोर्टात सांगत आले होते की नको, तात्पुरता तो तात्पुरता. आणि निकालात अगदी तेच लिहिलेलं दिसलं. मुद्देसूद, एकापुढे एक, जणू त्यांनीच लिहून दिल्यासारखं. त्यांना इतका आनंद झाला की न्हाव्यालाही त्यांनी ते वाचून दाखवलं. तेवढ्यात न्हाव्याने दाढीसाठी मान मागे टेकवायला सांगितली. फोन खिशात गेला आणि तो निकाल पुन्हा काही बाहेर आला नाही.

आता हे वकिलांशिवाय कोणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून सांगते. कुठल्याही निकालात न्यायालय आधी दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहून काढतं. सरकारचे वकील असं म्हणाले, समोरचे वकील तसं म्हणाले. सगळं प्रामाणिकपणे, सविस्तर. आणि त्यानंतर मग स्वतः काय ठरवलं ते सांगतं. ताजेरावांनी वाचलं होतं ते सरकारी वकिलाचं म्हणणं होतं. न्यायालयाचं म्हणणं पुढे होतं. हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवायचा धडा आहे, आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी भीतीने का होईना, शेवटपर्यंत वाचतो.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये वाक्य पडलं: "लिहून घ्या. तात्पुरत्या नोकराला ठपका ठेवून काढतानासुद्धा त्याचं म्हणणं ऐकण्याची गरज नाही." त्या दिवशी आमचे न्यायाधीश साहेब प्रमुख पाहुणे होते, तेही मान डोलवत होते. पुढच्या रांगेत तारीखवाले वकील बसले होते. काहीही झालं तरी ते पुढची तारीख मागतात, म्हणून तारीखवाले. त्यांनी तर ते वाक्य लिहून खाली रेघही मारली. त्यांच्याकडे नेमकं त्याच मुद्द्यावरचं प्रकरण होतं, सिस्टरचं.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात तात्पुरत्या नेमणुकीवर असलेली नर्स. वॉर्डातल्या कपाटातून औषधं गेली, आणि त्या दिवशीच्या ड्यूटीच्या तक्त्यात तिचं नाव होतं. तिला काढलं. नुसतं काढलं असतं तर तिने दुसरीकडे नोकरी बघितली असती, पण आदेशात लिहिलं होतं, 'औषधांची अफरातफर केल्यामुळे.' एवढ्या शब्दांवर तिला कुठल्या दवाखान्यात कोण उभं करणार? ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचं काम करत होती, आणि तिथेही मालकिणीने औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्यापासून लपवून ठेवली होती. तिला नोकरी परत हवी होती, पण त्याहून जास्त ते शब्द पुसून हवे होते.

तिचं प्रकरण निघालं तेव्हा पुढचा नंबर माझा होता, म्हणून मी तिथेच बसले होते. ताजेराव उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, याच मुद्द्यावर वरच्या न्यायालयाचा ताजा निकाल आहे."

"हो हो, ऐकलाय तुमच्या भाषणात," न्यायाधीश साहेब म्हणाले. "प्रत फाइलला लावून टाका."

मग ते तारीखवाल्यांकडे वळले. तारीखवाल्यांनी घसा खाकरला. "निकाल आहे खरा, साहेब. मी काय बोलणार." त्या दिवशी त्यांनी तारीखही मागितली नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सिस्टर उठली. बुटकी, केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. "साहेब, त्या दिवशी मी..."

ताजेराव वळले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट हसूनच म्हणाले, "बाई, बसा. तुमचं ऐकायचा प्रश्नच येत नाही. त्यावरच तर निकाल आहे."

कोर्टात हशा पिकला. मीही हसले. चांगलं वाक्य होतं. सिस्टर खाली बसली, आणि तिचा दावा फेटाळला गेला. निकालाची प्रत कारकुनाने फाइलला टोचली. त्या प्रतीत सगळं होतं, सरकारचं म्हणणंही आणि न्यायालयाचंही. ती कोणी उघडली नाही. तिघा कायदेपंडितांनी मिळून एका निकालाच्या आधारावर एका बाईचं वाटोळं केलं, आणि तो निकाल तिघांपैकी एकानेही शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

बाररूममध्ये ताजेरावांनी सगळ्यांना चहा पाजला.

पुढे काही आठवड्यांनी नव्याने नेमलेल्या सरकारी वकिलांसाठी शिबिर ठेवलं. हॉल आमचाच, चहा माझाच. ताजेराव मुख्य वक्ते. या वेळी त्यांनी नवी हौस केली होती. निकालाची पानं भिंतीवर मोठी करून दाखवायची, म्हणजे पोरांना कळेल निकाल कसा वाचायचा. विषयाचं नावच तसं होतं, 'निकाल कसा वाचावा'. लॅपटॉपवर पानं सरकवायला मी बसले होते.

ते लय पकडून बोलत होते. एकेक मुद्दा वाचायचे, चष्मा वर, चष्मा खाली. "बघा, न्यायालय किती स्पष्ट म्हणतं." मग मला म्हणाले, "ताई, जरा पुढे घ्या." मी जरा जास्तच पुढे घेतलं. भिंतीवर पुढचा परिच्छेद आला, भल्यामोठ्या अक्षरांत: हे होते सरकारी वकिलांचे म्हणणे. ते आम्हाला मुळीच मान्य नाही. तात्पुरता असो वा कायम, ठपका ठेवून काढायचे असेल तर आधी त्या माणसाचे ऐकलेच पाहिजे.

ताजेराव भिंतीकडे तोंड करून उभे होते, मला त्यांची पाठ दिसत होती. मी आधी मान बघितली, नुकतीच दाढी-कटिंग केलेली, मागून गोरी. ती मान बघता बघता लाल झाली, कानाच्या पाळीपर्यंत. त्यांचा हात चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

हॉलमधल्या कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. कारण नेमका तेव्हाच दारातून चहाचा ट्रे आला आणि झाडून सगळ्या माना तिकडे वळल्या. भावी सरकारी वकील बिस्किटं मोजत होते.

"मागे घ्या," ताजेराव म्हणाले.

मी मागे घेतलं.

"चहा घेऊ या," ते म्हणाले, आणि भिंत कोरी झाल्यावरसुद्धा बराच वेळ वळलेच नाहीत.

त्यानंतर त्यांनी बाररूममध्ये यायचं सोडलं. डबा गाडीत बसून खायचे, काच वर करून. कोर्टात यायचे, काम करायचे, फाइल काखेत मारून भिंतीच्या कडेने निघून जायचे. लोक म्हणाले, तब्येत बरी नसेल. मला माहीत होतं काय बरं नव्हतं ते, आणि खरं सांगायचं तर मी चिडले होते. मी वाट बघत होते, आज बोलतील, उद्या बोलतील. सिस्टरची अपिलाची मुदत सरत चालली होती. एकदा ती संपली की ते शब्द कायमचे तिच्या कपाळावर. आणि हा माणूस गाडीत बसून पोळी चावतोय!

शेवटी मी सरळ गाडीपाशी गेले आणि काचेवर टकटक केली. त्यांनी काच खाली केली. डब्याला हातही लावलेला नव्हता.

"किती दिवस लपणार?" मी विचारलं.

"तुम्ही कोणाला सांगितलंत?"

मला राग आला. पहिला प्रश्न हा! "नाही सांगितलं. ते तुमचं काम आहे."

त्यांनी डबा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "लाज वाटते हो, ताई. नुसती चूक केल्याची नाही. त्या दिवशी मी तिला हसून बसवलं, त्याची. झोपेतसुद्धा ऐकू येतं मला, माझंच हसू." आणि मग न्हाव्याच्या खुर्चीची ती सगळी गोष्ट त्यांनी सांगितली, दाढीचा फेस गालावर असताना निकाल कसा खिशात घातला तिथपर्यंत. एरवी मी त्यावर पोट धरून हसले असते.

त्यांनी काहीच केलं नव्हतं असं नाही. मुख्य सरकारी वकिलांकडे जाऊन आले होते. मुख्य साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "निकाल आपल्या बाजूने लागलाय ना? मग उकरून कशाला काढता? तुम्ही सरकारचे वकील की त्या बाईचे?" तिथून ते तारीखवाल्यांकडे गेले. तारीखवाल्यांचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला. "आता हे तिला कळलं तर ती मला विचारेल, तुम्ही काय झोपला होतात का? राहू द्या हो. मी तिला सांगितलंय, आता काही होत नाही." न्यायाधीश साहेबांना सांगायचं म्हणजे त्यांनाही सांगायचं की तुम्ही फाइलला लावलेली प्रत वाचली नाहीत. सगळ्यांचीच सोय गप्प बसण्यात होती. अळीमिळी गुपचिळी.

घरी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कळलं ते वेगळ्याच तऱ्हेने. वहिनी शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांच्या घरी रविवारी सकाळी ताजेराव चहा पिता पिता आठवड्याचे निकाल मोठ्याने सांगायचे आणि वहिनी भाजी निवडत नुसतं हं हं करायच्या. त्या रविवारी ते गप्प. पुढच्याही रविवारी गप्प. "काय हो, कोर्ट बंद पडलं का?" वहिनींनी विचारलं, तसे ते भडाभडा बोलून गेले. वहिनींनी सगळं ऐकलं, विळी बाजूला केली आणि विचारलं, "त्या पोरीला सांगितलंत?"

"अजून नाही. बघतोय कसं..."

"मग मला काय सांगताय?" असं म्हणून त्या आत गेल्या. मला हे वहिनींनीच सांगितलं. पुढे त्या हळूच म्हणाल्या, "मी तोडून बोलले खरं. पण आत जाऊन रडले. हे मला आयुष्यभर सांगत आले की मी कधी न वाचता बोलत नाही. मी ते शेजारणींना सांगत आले."

तरीही ते लगेच बोलले नाहीत. इथे मला त्यांना झाकून घ्यायचं नाही. आणखी काही दिवस त्यांनी शेपूट घालूनच काढले. रोज ठरवायचे, रोज कोर्टाच्या दारातून परत फिरायचे. मग एके दिवशी जिन्यात सिस्टर समोर आली.

ती नक्कल घ्यायला आली होती, म्हणजे आदेशाची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. ताजेराव वर चढत होते, मी त्यांच्या मागे. ती जिन्याच्या कठड्याला चिकटून उभी राहिली, त्यांना वाट द्यायला. तिने नमस्कार केला.

ताजेराव थांबले. "कशा आहात?" असं काहीतरी म्हणाले.

"बरी आहे, साहेब."

"राग असेल माझा."

"नाही हो, साहेब," ती म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच वाईट होतं. "तुम्ही तुमचं काम केलंत. आमचे वकील म्हणाले, कायदाच तसा आहे. कायद्यापुढे तुम्ही तरी काय करणार? मला फक्त एक गोष्ट सांगायची होती. पण ते जाऊ दे. मेट्रनना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या मोठ्या डॉक्टरांना सांग, ते म्हणाले ऑर्डर निघाली, आता कोर्टात सांग. वकील म्हणाले ते नंतर, आधी कायद्याचा मुद्दा. आणि इथे तर..." तिने वाक्य पुरं केलं नाही. उलट, आपण फार बोललो असं वाटून तीच ओशाळली. "उशीर होतोय तुम्हाला, साहेब. या तुम्ही."

ती उतरून गेली. ताजेराव तिथेच, एक पाय वरच्या पायरीवर ठेवून. त्यांनी तिला विचारलं नाही की काय सांगायचं होतं. मीही विचारलं नाही. दोघं वकील, बोलण्यावर पोट भरणारे, आणि आम्हाला तेवढं सुचलं नाही.

"कायदा तसा नाही, हे मी तिला आत्ता सांगायला हवं होतं," ते म्हणाले.

"मग जा की खाली."

"खाली नको," ते म्हणाले. "जिथे बसवलं तिथेच सांगतो."

पुढच्या सोमवारी कोर्ट गच्च भरलेलं होतं. सोमवारी बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या प्रकरणांची यादी, मोठा असतो, उभं राहायला जागा नसते. पुकारा सुरू व्हायच्या आधी ताजेराव उठले. हातात एक कागद. आम्ही त्याला पुरशीस म्हणतो, पक्षकाराने किंवा वकिलाने कोर्टाला स्वतःहून लिहून दिलेलं निवेदन. त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि तोंडीच बोलले.

"साहेब, नर्सबाईंच्या प्रकरणात मी जो निकाल दाखवला, तो मी अर्धाच वाचला होता. मी न्यायालयाचं म्हणून जे सांगितलं ते सरकारी वकिलाचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते फेटाळलंय. निकाल माझ्या बाजूचा नाही, बाईंच्या बाजूचा आहे. हेच मी शनिवारच्या भाषणातही चुकीचं सांगितलं. चूक माझी एकट्याची आहे."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. एका नव्या वकिलाने शेजाऱ्याला कोपर मारलं. मुख्य सरकारी वकील दारात उभे होते, ते पाय न वाजवता निघून गेले. तारीखवाले आपल्या बुटांकडे बघत होते, जसे काही ते आजच घेतलेत. आणि ताजेराव उभे. मेल्याहून मेल्यासारखं होणं कशाला म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं. त्यांनी मात्र मान खाली घातली नाही. घातली असती तर बरं वाटलं असतं आम्हाला.

न्यायाधीश साहेबांनी फाइल मागवली. टोचलेली प्रत उघडली आणि वाचली, आम्हा सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत. मग चष्मा काढून डोळे चोळले. "ही माझ्या फाइलमध्येच होती," ते म्हणाले. इतक्या हळू, की लघुलेखकाने विचारलं, हे घ्यायचं का? साहेब म्हणाले, "घ्या."

त्या पुरशिशीवर तारीखवाल्यांनी फेरविचाराचा अर्ज टाकला, तोही लगोलग. ज्या दिवशी तो सुनावणीला आला, त्या दिवशी सिस्टर पुन्हा मागच्या बाकावर होती. तीच पिशवी, तेच घट्ट बांधलेले केस. ताजेराव माझ्या शेजारी बसले होते, सरकारच्या बाजूला. प्रकरण त्यांच्याकडून काढून घ्यायचं चाललं होतं, पण तो आदेश अजून यायचा होता.

काम तसं सरळ होतं. साहेबांनी जुना आदेश मागे घेतला. आता दवाखान्याने बाईंचं म्हणणं ऐकावं आणि मग ठरवावं, एवढं लिहून प्रकरण परत पाठवायचं होतं. लघुलेखकाची बोटंही उठली होती. पण साहेब थांबले.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगत होतात. काय सांगायचं होतं?"

सिस्टर उठली. तिने आधी साहेबांकडे बघितलं नाही, स्वतःच्या वकिलाकडेही नाही. तिने ताजेरावांकडे बघितलं. बोलू का, अशा नजरेने.

ताजेरावांनी मान हलवली.

"त्या दिवशी मी वॉर्डात नव्हतेच, साहेब," सिस्टर म्हणाली. "मी खालच्या मजल्यावर पेशंट म्हणून भरती होते. सकाळीच माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांनी केलं. तक्त्यातलं नाव कोणी बदललं नाही."

एवढं बोलून ती खाली बसली.

साहेबांनी ते स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. मग म्हणाले, "सरकारतर्फे काही सांगायचंय?"

ताजेराव उठले. टेबलाला धरून उठले. "नाही, साहेब," ते म्हणाले. "सरकारला काही सांगायचं नाही. दवाखान्याचे कागद मी आजच मागवतो." आणि बसले. कोर्टात पुढचा पुकारा झाला, माणसं आत आली, बाहेर गेली. सिस्टर पिशवी सावरत दाराकडे निघाली, जाताना तिने दोन्ही बाजूंना नमस्कार केला, आम्हालाही.

ताजेराव माझ्याकडे झुकले. "एवढंच?" त्यांनी विचारलं. "एवढंच सांगायचं होतं तिला?"

माझी जीभ कुठे गप्प बसणार? "एवढंच," मी म्हणाले. "एका वाक्यात."

बोलून गेले, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे भरून आलेला तो माणूस हसायचा प्रयत्न करत होता, मला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हा मला माझीच लाज वाटली. कारण त्या दिवशी तिला खाली बसवलं, तेव्हा मीही हसले होते.